चाळीस युनिटांचा मुक्काम

थंडीच्या दिवसांत लिटरभर पाणी उकळायचं तर माझ्या गाडीचा पाऊण किलोमीटर जातो. भाताचा छोटा कुकर लावला तर दोन किलोमीटर. मोबाइल शून्यापासून पूर्ण भरायला शंभर-सव्वाशे मीटर. हा हिशेब माझा नाही, बाबांचा आहे. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर चालते हे कळल्यापासून त्यांनी घरातली एकूण एक वस्तू किलोमीटरमध्ये मोजून ठेवली आहे. मी गीझर लावून अंघोळीला गेले की बाहेरून आवाज येतो, “पुरे आता, कळवा आलं!” आम्ही ठाण्याला राहतो. पंधरा लिटर पाणी अंगाला सोसेल इतकं तापवायला अर्ध्या युनिटाच्या आसपास लागतं, आणि तेवढ्यात आमच्या दारातून कळवा येतं हे खरंच आहे.

बाबा वीज मंडळात होते. 2005 साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण त्यांच्या तोंडी अजून ‘मंडळ’च. उपकेंद्रात ऑपरेटर. दर तासाला मीटरांसमोर उभं राहून लॉगशीटमध्ये आकडे भरायचे, फीडर ट्रिप झाला की कारण शोधायचं, लाइनमन पोलवरून उतरल्याची खात्री झाल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. माझ्या लहानपणी ते महिन्यातले कितीतरी दिवस दुपारी झोपलेले असायचे आणि आम्ही घरात चवड्यांवर चालायचो. त्यामुळे गाडीला तंबू जोडून शेतात मुक्काम करायचा माझा बेत ऐकल्यावर आईने “घर असताना शेतात कशाला झोपायचं?” एवढं विचारून विषय संपवला, आणि बाबांनी विचारलं, “बॅटरी किती युनिटची?”

“चाळीसच्या थोडी वर.”

“म्हणजे आपल्या घराची चार दिवसांची वीज,” ते म्हणाले आणि बरोबर यायला निघाले.

तंबूची रचना म्हटली तर साधी आहे. गाडीचं मागचं दार वर उघडायचं, त्याच्याभोवती तंबूची लवचिक बाही चढवायची, तिचे पट्टे चाकांना नाहीतर बंपरखाली अडकवायचे आणि उरलेला तंबू वाकवलेल्या काठ्यांवर जमिनीवर उभा करायचा. मागची सीट आडवी केली की गाडीत झोपायची जागा होते आणि तंबूत बसायची, स्वयंपाकाची, ओले बूट काढायची. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तो पहिल्यांदा लावून पाहिला तेव्हा रखवालदाराने लांबून बराच वेळ निरीक्षण केलं आणि मग जवळ येऊन हळूच विचारलं, “मॅडम, फ्लॅटचं काम काढलंय का?”

खरी गंमत दाराच्या कुलपात आहे. मागचं दार रात्रभर उघडं ठेवलं तर गाडी झोपत नाही. आतला दिवा जळत राहतो, पडद्यावर इशारा लुकलुकतो, आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी बाकीची यंत्रणा सांभाळणारी छोटी 12 व्होल्टची बॅटरी सकाळपर्यंत दमू शकते. यावर तंबूवाल्यांची युक्ती अशी की दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बसवायची. दार लागलं असा गाडीचा समज होतो आणि ती निवांत होते. सकाळी मात्र आठवणीने ती जीभ परत सोडवायची. नाहीतर दार आपटलं की कुलपाचं काम निघालंच.

गाडीला तंबू जोडायची ही कल्पना इलेक्ट्रिक गाडीबरोबर आलेली नाही. अमेरिकेत पॉन्टियाक कंपनीने 2001च्या मॉडेलपासून ‘अ‍ॅझटेक’ नावाची गाडी आणली होती. तिच्या मागच्या दाराला बसणारा तंबू आणि आत मावणारी फुगवायची गादी कंपनीच विकायची. गाडी इतकी कुरूप होती की तंबूचं कौतुक कुणी केलं नाही. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेतल्या मास्तरांना तीच गाडी दिली गेली ती त्यांची कीव यावी म्हणूनच असणार. तो तंबू मला मात्र दुसऱ्याच कारणाने अडचणीचा वाटतो. पेट्रोलच्या गाडीला मागच्या दाराखाली सायलेन्सर असतो. तिथेच तंबू जोडायचा म्हणजे धुराचं तोंड अंथरुणाशी आणायचं. इंजिन बंद ठेवून झोपलात तर प्रश्न नाही. पण उकाडा झाला, एसी लावावा वाटला, आणि इंजिन चालू ठेवून डोळा लागला की संपलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त जोराने धरतो. बंद गाडीत एसी लावून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, ही बातमी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली आहे. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सरच नाही. एसी लावा, हीटर लावा, ती रात्रभर श्वासाच्या वाटेला जात नाही. म्हणून हा तंबू माझ्या मते इलेक्ट्रिक गाडीचाच, आधीच्या गाड्यांना तो उसना दिलेला होता. (एक सांगून ठेवते, तंबूत ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी घेतलीत तर गाडी कुठलीही असो, तोच वायू, तीच गत.)

काही गाड्यांत मुक्कामाची वेगळी सोयच असते. टेस्लाने 2019 मध्ये ‘कॅम्प मोड’ दिला, महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्येही त्या नावाचं बटण आहे. माझ्या गाडीत तसलं काही नाही. तिच्या चार्जिंगच्या तोंडाला एक अडॅप्टर लावला की वीज उलटी बाहेर येते, घरातल्यासारखी 230 व्होल्ट, तीन किलोवॅटच्या जरा वरपर्यंत. या सोयीला व्ही-टू-एल म्हणतात. मी बाबांना ती कौतुकाने दाखवली. त्यांनी भुवया वर केल्या.

“म्हणजे बॅकफीड.”

“बाबा, ही सुरक्षित असते.”

“असेल. आमच्याकडे बॅकफीड म्हटलं की पोलवरचा माणूस गेला असं समजायचं.” कुणीतरी घरचा जनरेटर नीट न तोडता लाइनला जोडतो, मग बंद केलेल्या तारेत मागून वीज येते आणि वर चढलेल्याचा हात तिच्यावर पडतो. त्यांनी अशी एक गोष्ट पूर्ण सांगितली, एक अर्धीच सोडली. त्यानंतर अडॅप्टरला हात लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

आम्ही भंडारदऱ्याच्या बाजूला निघालो. कसारा चढून इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे. ठाणं समुद्रसपाटीला, भंडारदरा साडेसातशे मीटरच्या आसपास. माणसं-सामान धरून सतराशे किलो वजन एवढ्या उंचीवर नेऊन ठेवायला निव्वळ साडेतीन युनिट लागतात, हे बाबांनी शहापूरला वडापाव येईपर्यंत कागदाच्या पुडीवर काढलं. वाऱ्याचा, टायरांचा खर्च वेगळा. येताना उतारावर त्यातलं बरंचसं परत बॅटरीत येतं. “चढ म्हणजे ठेव,” ते म्हणाले, “मोडली की दंड कापून परत मिळते.” घोटीला गाडी भरून घेतली. चार्जरवर आमच्या पुढे एक गाडी होती आणि तिच्या मालकाला रेंजविषयी फार बोलायचं होतं. ते सोडून देते.

मुक्काम धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात होता. ओळखीतून ठरलेलं, त्यांच्या मालकीचं रान. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे वाटेल तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत आणि येऊही नयेत. भात निघून गेलेलं खाचर त्यांनी दाखवलं. मुक्कामाला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. गाडीत झोपणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो तो उतार. दोन बोटांचा उतार असला तरी रात्रभर डोकं जड होतं, किंवा माणूस हळूहळू दाराकडे घसरत जातो. भाताचं खाचर मात्र पाण्यानेच सपाट केलेलं असतं. पावसाळाभर त्यात पाणी सारखं उभं राहायला हवं, नाहीतर एका कोपऱ्यात रोप बुडतं आणि दुसऱ्यात वाळतं. पिढ्यान्‌पिढ्या चिखल ओढून ओढून आणलेली ती पातळी. बांध ओलांडताना मात्र बाबा गाडीपुढे उकिडवे बसले आणि मला हाताने ‘हळू, हळू’ करत राहिले. बॅटरी पोटाखाली असते. दगड लागला तर सगळ्यात महाग वस्तूला लागतो.

यजमान पन्नाशीचे. मी त्यांना दादा म्हणायला लागले, ते मला ताई आणि बाबांना बाबाच. तंबू उभा राहीपर्यंत ते गप्प बसून बघत होते. मग त्यांनी विचारलं, “ही आत झोपायची खोली. मंग ती काय?”

“ती बसायची.”

“दोन खोल्या,” दादा वळून वहिनींना म्हणाले. “आपल्याहून एक जास्त.”

वाहनाशेजारी तंबू टाकून राहणं त्यांना नवं नव्हतं. आपल्याकडे कुणालाच नाही. आषाढीच्या वाटेवर दिंड्यांचे ट्रक पुढे जातात, मुक्कामाला पोचून राहुट्या उभ्या करतात, आणि मागून चालत येणाऱ्याला ट्रकचा नंबर हाच पत्ता असतो. साखरपट्ट्यात ऑक्टोबरपासून पुढचे पाच-सहा महिने बीडकडची माणसं बैलगाडी सोडून तिच्या शेजारी पाचटाची, चटयांची, आता प्लास्टिकची कोपी बांधून राहतात. गाडी, बैल, चूल आणि पोरं एका हाताच्या अंतरावर. माझ्या तंबूच्या जाहिरातीत ‘गाडीसह मुक्त जगा’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं होतं. पहाटे तीनला उठून मोळ्या भरायला निघणाऱ्या बाईला गाडीशेजारच्या झोपडीचं मुक्तपण विचारायला मी जाणार नाही. तिच्या दारातली गाडी तिला घरी न्यायला कारखान्याचा पट्टा पडायची वाट बघते. माझी रविवारी संध्याकाळी नेते. ही तुलना करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. खुंट्या ठोकताना ती आपोआप झाली, आणि तंबू काही मी काढला नाही.

अंधार पडला तशी थंडी खाली उतरली. वहिनींनी चुलीवर नागलीच्या भाकरी केल्या, आम्ही व्ही-टू-एलवर भात लावला. जेवताना घाटघरचा विषय निघाला, कारण दादांचे एक नातेवाईक तिथल्या बांधकामावर कामाला होते.

घाटघर तिथून फार लांब नाही. कोकणकड्याच्या वर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात दुसरा, दोहोंत चारशे मीटरहून जास्त उंचीचा फरक आणि डोंगराच्या पोटात वीजघर. 125 मेगावॅटचे दोन संच, 2008 पासून चालू. धरणाचं काँक्रीट रस्त्यासारखं थरांनी पसरून रोलरने दाबलेलं आहे, या पद्धतीचं देशातलं ते पहिलं काम. पर्यटक तिथे कडा बघायला जातात आणि तळ्याकडे पाठ करून फोटो काढतात. वास्तविक ते तळंच बघण्यासारखं आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि संध्याकाळी शहरांतले दिवे, टीव्ही, एसी एका तासात लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चार युनिट घालून तीन-सव्वातीन परत मिळतात. तोट्याचा धंदा वाटतो, पण तोटा नगाचा आहे, वेळेचा नफा आहे. वीज ही अशी वस्तू की जितकी लागते तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली तर 50 हर्ट्‌झचा ठोका मंदावतो, फारच मंदावला तर एकामागोमाग एक भाग तुटत जातात. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारताचं जाळं असंच कोसळलं होतं. त्या दिवसांत बाबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. घरातलंच कुणी आजारी असल्यासारखे बसून होते.

“हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली सोडलं की एक युनिट,” बाबांनी डायरी काढली. “म्हणजे ही गाडी चाळीस हजार लिटर. दहा हजारांचे चार टँकर.”

“चार टँकर?” दादांना पहिल्यांदाच गाडीत रस वाटला. “मे महिन्यात या. चार टँकरला आमच्याकडं काय किंमत असती बघा.” सह्याद्रीच्या या माथ्यावर पाऊस असा पडतो की घाटघरला जिल्ह्यातलं चेरापुंजी म्हणतात, आणि उन्हाळ्यात याच वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन झऱ्यापाशी थांबतात. पाणी येतं आणि उतरून जातं. अडवलेलं असतं ते खालच्यांसाठी. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं तेव्हापासून प्रवरेचं पाणी खालच्या तालुक्यांतला ऊस पितो. दादा हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. पावसाविषयी बोलावं तसं बोलत होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी ते बहुधा संध्याकाळपासून थांबले होते.

“तीन एचपीची मोटर चालंल का हिच्यावर?”

मी गाडीकडे बघितलं आणि बाबांनी माझ्याकडे. तीन अश्वशक्ती म्हणजे सव्वादोन किलोवॅट. कागदावर चालायला हवी.

“चालताना चालेल,” बाबा म्हणाले, “पण सुरू होताना मोटर पाच-सहापट ओढते. तिथेच ही ट्रिप होईल. शिवाय तुमची थ्री फेज, ही सिंगल.”

“एक एचपीची?”

“कदाचित. करून बघावी लागेल.”

“मंग चहाच करा तुम्ही,” दादा म्हणाले. हसले, पण त्यांचं गाडीबद्दलचं मत झालेलं होतं.

हरभऱ्याला आणि थोड्या कांद्याला ते फुगवट्यातून मोटरीने पाणी उचलतात. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की साडेअकरा-बाराला उठायचं, बॅटरी आणि काठी घेऊन रानात जायचं, मोटर लावायची, एक वाफा भरला की बारं मोडून पुढच्या वाफ्यात पाणी घ्यायचं, असं पहाटेपर्यंत. अभयारण्य आहे, बिबट्या आहे. दोघांनी जायचं, मोठ्याने बोलत जायचं. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली सरकारने सौर कृषी वाहिनी योजना आणली. खालच्या बाजूला काही ठिकाणी ती पोचल्याचं दादांनी ऐकलं होतं.

“ऑटो नाही लावला का?” बाबांनी विचारलं.

‘ऑटो’ म्हणजे स्टार्टरला जोडायची एक डबी. लाईट आली की ती आपोआप मोटर सुरू करते आणि माणूस अंथरुणात राहतो. शेतकऱ्याला झोप देणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. मंडळाच्या माणसांना मात्र ती डोळ्यांसमोर नको असायची. रात्री वीज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक पाच-सहापट ओढते, आणि डीपी जळते. मग ज्याने ऑटो लावला तोही अंधारात आणि ज्याने नाही लावला तोही. “ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, हे सांगून माझं तोंड दुखलं,” बाबा म्हणाले.

“तुमचं तोंड दुखलं. आमचे पाय दुखत होते,” दादा शांतपणे म्हणाले.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ताटातला भात संपवला.

निजायच्या आधी दादांनी दिव्यांची गोष्ट काढली. आमच्या गाडीची किल्ली खिशात घेऊन जवळून कुणी गेलं की ती स्वागताला दिवे लावते, आणि तंबूतून बाहेर-आत करताना हे सारखं चाललं होतं. त्या रात्री ते नुसतं हास्यास्पद होतं. मेअखेरीस, वळवाच्या पावसानंतर, याच रानात काजवे येतात. सादडा, हिरडा, जांभूळ, एकेक झाड धरून हजारो नर एका ठेक्यात लुकलुकतात. ती त्यांची मादीला हाक असते, आणि एका हेडलाइटने ती पुसली जाते. काजवे बघायला आलेल्या गाड्यांची तोंडं झाडांकडे वळवून लोक फोटो काढतात, असं दादा म्हणाले. धूर न सोडणारी गाडी म्हणून मी ज्या तोऱ्यात तिथे आले होते त्यातला बराचसा तिथे उतरला. माझ्या गाडीत अंधार करायचं एकही बटण नाही. शेवटी वहिनींनी किल्ली मागून घेतली, भाकरीच्या स्टीलच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. गाडी गप्प झाली. एवढ्या सॉफ्टवेअरवर हाच एक उपाय लागू पडला.

रात्री हीटर लावला नाही. मागचं दार उघडं, मधे कापडाची भिंत. अशा जागेला ऊब द्यायची म्हणजे रात्रीत चाळीस-पन्नास किलोमीटर हवेत सोडायचे. आईने भांडून बरोबर दिलेल्या दोन गोधड्या एकही युनिट खात नव्हत्या. तरी झोप लागायला वेळ लागला. इलेक्ट्रिक गाडी निःशब्द असते म्हणतात, तेवढी ती नसते. थोड्या थोड्या वेळाने पंप घुरघुरतो, कुठेतरी पंखा फिरून थांबतो, आणि मग सीटखालून ‘ठक्‌’ असा एक आवाज येतो.

“काँटॅक्टर पडला,” अंधारात बाबा म्हणाले. ते जागेच होते.

थोड्या वेळाने पुन्हा खुडबुड झाली. पुढे वाकून, पडदा जागा करून, त्यांनी आकडा बघितला आणि बॅटरीच्या उजेडात डायरीत लिहिला. वेळ, टक्के, बाहेरचं तापमान. तासाने पुन्हा. मी सांगितलं, बाबा, इथे काही ट्रिप होत नाही, झोपा. ते म्हणाले, “झोपतोय की.” निवृत्तीनंतर इतकी वर्षं घरी झोपूनही जागं राहायची ती सवय एका पडद्याने परत आणली होती.

मला तेव्हा वाटलं, वीज साठवता येत नव्हती म्हणूनच तर त्यांना आयुष्यभर जागावं लागलं. वापरणारे झोपलेले, बनवणारं केंद्र लांब, आणि दोघांच्या मधे दर तासाला आकडे लिहिणारा एक माणूस. आता ज्याला साठवता येते तो झोपतो. मुंबईची संध्याकाळ घाटघरच्या वरच्या तळ्यात भरून ठेवलेली असते. माझी रात्र माझ्या सीटखाली होती, ती मी आदल्या दुपारी घोटीला विकत घेतली होती आणि वापरायची की नाही हे माझ्या मर्जीवर होतं. खाचरापलीकडे दादांकडे मात्र साठवायला काही नाही. त्यांची वीज आली की आली, तेव्हाच उठून ती पाण्यात घालायची. त्यांच्या झोपेची वेळ दुसऱ्याच कुणाच्या वेळापत्रकात लिहिलेली आहे. विजेच्या बिलात युनिटांचे दर असतात, या गोष्टीचा दर कुठे छापलेला मी पाहिला नाही.

हे मी बाबांना अंधारातच बोलून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“त्याचीही साठवण आहे,” मग म्हणाले. “रानात. एकदा पाणी भरलं की आठ-दहा दिवस ओल राहते. हरभऱ्याला तेवढं पुरतं. फक्त ती भरायला रात्र जाते.” आणि त्यांनी पुढचा आकडा लिहिला.

सकाळी तंबू आतून घामाने ओला होता. दोन माणसांच्या श्वासाचं पाणी काचांवरून आणि कापडावरून ओघळत होतं. असला तंबू कोरडा करून घडी घातला नाही तर आठवड्यात त्याला वास मारतो, म्हणून ऊन चढेपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात गावात लाईट गेल्याचं कळलं. कुठे काय झालं होतं कुणास ठाऊक. नाश्ता व्हायच्या आत दादांचा पुतण्या पाठीवरचा फवारणीचा पंप घेऊन आला. त्याची बॅटरी उतरली होती. त्याच्या मागून एक मुलगी तीन मोबाइल आणि एक टॉर्च घेऊन आली, मग आणखी एक फवारणीपंप. बाबांनी एक्स्टेन्शन बोर्ड काढला, प्रत्येक पिनेजवळ बोट ठेवून ओलावा तपासला आणि खाचरात बसून वितरण सुरू केलं. फवारणीच्या पंपाला किलोमीटरसुद्धा लागत नाही. कांदा थंडीने आणि दवाने करप्याला आलेला असताना पंप वेळेवर भरणं महत्त्वाचं, म्हणून पंपांना पहिली पाळी, मोबाइल नंतर. मुलीला हे पटलं नाही. तिने बाबांशी बराच वाद घातला आणि एक मोबाइल पुढे सरकवून घेतला.

लाईट दहाच्या पुढे आली. आली तशी दादांची मोटर मात्र उठेना. नुसती गुणगुणून बसायची. मी तंबूच्या खुंट्या उपटत होते. गाडीच्या कुलपाची जीभ सोडवली, दार लावलं, टक्के बघितले. घोटीपर्यंत जायला आणि वर उरायला भरपूर होते, तरी दुपारी त्या चार्जरवर गर्दी होते असं आदल्या दिवशी कळलं होतं. मी बाबांना हाक मारली. उत्तर नाही. ते फुगवट्याच्या काठी, पत्र्याच्या पेटीसमोर दादांच्या शेजारी उकिडवे बसलेले होते. मेन बंद केला होता, पुतण्याला डीपीजवळ राखणीला उभं केलं होतं, स्टार्टरचं झाकण काढून गवतावर ठेवलं होतं. बाबांचं म्हणणं, एक फेज कमी येतेय. दादांचं म्हणणं, फेज बरोबर आहेत, दाबच नाही. आत ऑटोची डबी होतीच, काळपट पडलेली. तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

“बाबा, निघायला हवं. घोटीला रांग लागेल.”

“लागू दे. रांगेत थांबू,” ते मागे न बघता म्हणाले आणि हात पुढे केला. “डिकीत टेस्टर आहे, तो दे आधी. आणि ती किल्ली डब्यातून काढलीस का?”